आपलं फीड, आपली चाळण

दहा ॲप्स, शंभर चॅनल्स, हजारो पोस्ट्स. त्यातलं हवं ते नेमकं हरवतं आणि नको ते डोळ्यांपुढे नाचत राहतं. हे सगळं एका जागी आणून, गाळून, शांतपणे वाचायची एक जुनी सोय अजून जिवंत आहे. फुकटात मिळते आणि ती वापरायला इंजिनिअर असावं लागत नाही.

मोबाइल हातात कशाला घेतला होता, हेच आठवत नाही, असं होतं ना कधी कधी?

म्हणजे घेतलेला असतो काहीतरी ठरवून. भरतीची जाहिरात आली का ते बघायला. एकांकिका स्पर्धेचा अर्ज कधीपर्यंत भरायचाय ते बघायला. ज्या मैत्रिणीशी दोन महिने बोलणं नाही, तिनं काय टाकलंय ते बघायला. ॲप उघडतो. समोर पहिली येते ती कुणा अनोळखी माणसाची रील. मग एक मांजर. मग वडापाववर चीज ओतणारा कुणीतरी. मग कुणीतरी कुणावर तरी खवळलेलं. मग जाहिरात. पंचवीस मिनिटांनी भान येतं तेव्हा अंगठा दुखत असतो आणि ज्यासाठी मोबाइल उघडला ते बघायचं राहूनच गेलेलं असतं.

आणि चार दिवसांनी कुणीतरी सहज सांगतं, ‘अरे, जाहिरात आली होती की. मुदत काल संपली.’

असं झालं की आपण स्वतःलाच शिव्या घालतो. आपल्यालाच कंट्रोल नाही, आपणच आळशी, मोबाइलचं व्यसनच लागलंय वगैरे. घरचे तर हे रोज ऐकवतातच. त्यात थोडं तथ्य असेलही. पण एक साधा प्रश्न आपण विचारत नाही. आपल्या स्क्रीनवर काय यावं, कशानंतर काय यावं, हे ठरवतं कोण?

आपण तर नाही ठरवत.

फीडचा रिमोट कुणाच्या हातात?

एक काळ असा होता की फेसबुकवर फीड नावाची गोष्टच नव्हती. मित्राचं काय चाललंय हे बघायचं तर त्याच्या प्रोफाइलवर जावं लागायचं. ५ सप्टेंबर २००६ला फेसबुकनं न्यूज फीड आणलं आणि सगळ्यांचं सगळं एका पानावर येऊन पडायला लागलं. गंमत म्हणजे तेव्हाची कॉलेजची पोरं भडकली होती. आमची खासगी गोष्ट अशी चव्हाट्यावर का मांडता म्हणून लाखो जण निषेधाच्या ग्रुप्समध्ये सामील झाले. आज त्याच फीडशिवाय आपलं पान हलत नाही.

पुढे दुसरा बदल झाला. पोस्ट जशा पडतील तशा, म्हणजे ताजी वर आणि जुनी खाली, हा साधा क्रम जाऊन त्या जागी अल्गोरिदम आला. २०१६मध्ये ट्विटरनं आणि इन्स्टाग्रामनं एकापाठोपाठ हा बदल केला. त्या वेळी इन्स्टाग्रामनं दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. त्यांचं म्हणणं होतं की लोकांच्या फीडमधल्या सरासरी ७० टक्के पोस्ट त्यांना दिसतच नाहीत, म्हणून महत्त्वाच्या वाटतील त्या आम्ही वर आणून देतो.

कारण खोटं नव्हतं. आपण फॉलोच इतक्या जणांना करतो की सगळं बघणं अशक्यच. प्रश्न ‘महत्त्वाचं’ म्हणजे काय याचा आहे. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाची असते ती भरतीची जाहिरात. ॲपच्या दृष्टीनं महत्त्वाचं असतं ते, जे बघताना तुम्ही थांबाल, कमेंट कराल, पुढची रील बघाल. कारण तुम्ही जितका वेळ थांबाल तितक्या जाहिराती दाखवता येतात. यात कटकारस्थान काही नाही, सरळ धंदा आहे. पण ‘शेवटची तारीख १५’ अशी कोरडी पोस्ट आणि दोन सेलिब्रिटींचं भांडण यांच्यात शर्यत लावली तर कोण जिंकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

लोकांची ओरड ऐकून थोडेफार पर्याय परत आलेत. इन्स्टाग्रामनं मार्च २०२२मध्ये ‘फॉलोइंग’ आणि ‘फेव्हरिट्स’ अशी दोन क्रमवार फीड्स परत आणली. फेसबुकनं त्याच वर्षी ‘फीड्स’ नावाचा वेगळा टॅब दिला. पण ॲप उघडल्यावर ते समोर नसतात, शोधावे लागतात. युरोपियन युनियननं तर मोठ्या कंपन्यांवर कायद्यानंच बंधन घातलंय की माणसाच्या सवयींवर पाळत ठेवून न बनवलेलं फीड निवडायचा पर्याय द्यावाच लागेल. आपल्याकडे मात्र जे मिळतं ते कंपनीच्या मर्जीनं.

मग दुसरा रस्ता आहे का? आहे. आणि तो फेसबुकपेक्षाही जुना आहे.

पेपरवाला नावाचं तंत्रज्ञान

त्याचं नाव आरएसएस. नाव अवघड वाटतं, पण कल्पना एकदम घरगुती आहे.

समजा, एखाद्या वेबसाइटवर रोज नवीन लेख येतात. ती साइट सजवलेल्या पानाबरोबर एक साधी, बिनसजावटीची यादीही तयार ठेवते. नवीन काय आलं, त्याचं शीर्षक, तारीख, थोडा मजकूर आणि लिंक. बस. या यादीला म्हणायचं फीड. आपण एक ‘रीडर’ ॲप घ्यायचं आणि त्याला सांगायचं, या चाळीस साइट्सच्या याद्यांवर लक्ष ठेव. ते ॲप थोड्या थोड्या वेळानं प्रत्येक दारावर जातं, ‘नवीन काही?’ असं विचारतं आणि असेल ते आणून तुमच्यापुढे ठेवतं. पेपरवाला सकाळी सगळे पेपर एकत्र दारात टाकून जातो, तसंच. त्या साइटवर लॉगइन नाही, फॉलो बटण नाही, तुम्ही कोण, कुठले, हे सांगणं नाही.

याची पहिली आवृत्ती १९९९मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाली. ती बनवणाऱ्या दोघांपैकी एक होते आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले रामनाथन गुहा. पुढच्याच वर्षी निघालेल्या आवृत्तीवर काम करणाऱ्यांत आरोन स्वार्ट्झ नावाचा पोरगा होता. वय वर्षं चौदा! आपल्याकडे त्या वयात नववीच्या सहामाहीचं टेन्शन असतं.

मग ७ ऑक्टोबर २००५ला गुगल रीडर आलं आणि ही सोय घराघरात गेली. ब्लॉग, बातम्या, कॉमिक्स, मित्रांचे फोटो, सगळं एका खिडकीत. वाचलेलं आपोआप बाजूला. आवडलं तर मित्रांना शेअर. इराणमध्ये तर अनेक तरुण सरकारनं बंद केलेल्या साइट्स गुगल रीडरमधून वाचायचे, कारण साइट बंद असली तरी गुगलच्या पत्त्यावरून तिचं फीड येत राहायचं. आपल्याला सोय वाटणारी गोष्ट दुसऱ्या कुणासाठी खिडकी असू शकते, ती अशी.

याच सुमारास सोशल मीडियाचाही पसारा वाढायला लागला. ट्विटर वेगळं, फ्लिकर वेगळं, यूट्यूब वेगळं, ब्लॉग वेगळा. एकच मित्र चार ठिकाणी चार गोष्टी टाकतोय, तर त्याच्यासाठी चार दारं का ठोठवायची? २००७मध्ये गुगलमधून बाहेर पडलेल्या चौघांनी यावर उत्तर काढलं. नाव फ्रेंडफीड. त्यात जीमेल बनवणारे पॉल बुकाइट होते, गुगल मॅप्सच्या सुरुवातीच्या शिलेदारांपैकी ब्रेट टेलर होते, शिवाय जिम नॉरिस आणि संजीव सिंग. तुम्ही कुठेही काहीही टाका, फ्रेंडफीडवर तुमच्या नावाखाली ते एका ओळीत दिसणार. त्याखालीच मित्रांच्या गप्पा रंगणार. पोस्टला ‘लाइक’ करायची सोयही तिथे होती, फेसबुकवर लाइक बटण येण्याच्या आधीपासून.

आणि २००७मध्येच याहूनं आणलेलं पाइप्स म्हणजे तर नादच खुळा! स्क्रीनवर चौकोनी ठोकळे ठेवायचे आणि ते नळ्यांनी जोडायचे. या ठोकळ्यातून पाच साइट्सची फीड्स आत सोडा, पुढच्या ठोकळ्यात अमुक शब्द असलेल्याच ठेवा, त्यापुढे डबल आलेल्या काढा, मग तारखेनं लावा. नळीच्या दुसऱ्या टोकाला तुमचं स्वतःचं, गाळलेलं, एक फीड तयार. एका ओळीचाही प्रोग्राम न लिहिता.

मग हे सगळं गेलं कुठे?

फ्रेंडफीड फेसबुकनं ऑगस्ट २००९मध्ये विकत घेतलं. टेलर पुढे फेसबुकचे तंत्रज्ञान प्रमुख झाले. फ्रेंडफीड मात्र तसंच पडून राहिलं आणि एप्रिल २०१५मध्ये बंद झालं. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पाइप्सही गेलं. गुगल रीडरला १ जुलै २०१३ला टाळं लागलं. तो निर्णय जाहीर झाला तेव्हा एक लाखाहून जास्त लोकांनी ‘बंद करू नका’ म्हणून ऑनलाइन सह्या केल्या. उपयोग झाला नाही.

सोशल मीडियाच्या कंपन्यांनीही एकेक दार लावून घेतलं. सुरुवातीला ट्विटरच्या प्रत्येक खात्याला आरएसएस फीड होतं, ते २०१३मध्ये गेलं. फेसबुकच्या पेजेसनाही एकेकाळी होतं, तेही गेलं. २०२३ साल तर फारच वाईट. जानेवारीत ट्विटरनं बाहेरच्यांनी बनवलेल्या ॲप्सवर बंदी घातली. एका स्क्रीनवर अनेक रकाने दाखवणारं ट्वीटडेक त्याच वर्षी पैसे भरणाऱ्यांपुरतं उरलं. रेडिटनं आपली माहिती वापरायला बाहेरच्या ॲप्सकडून इतके पैसे मागितले की अपोलोसारखं लाडकं ॲप ३० जूनला बंद पडलं.

का? तर दुसऱ्याच्या रीडरमध्ये वाचणारा माणूस यांच्या जाहिराती बघत नाही, यांच्या रील्समध्ये अडकत नाही. आला, वाचलं, गेला. असं गिऱ्हाईक कुणाला हवंय? दार उघडं ठेवणं हा कंपनीचा फायदा होता तोवर ते उघडं होतं. वाढ झाली, गर्दी जमली, दार लागलं.

यातून आपल्याला दोन गोष्टी शिकता येतात. एक म्हणजे, एका कंपनीच्या एका ॲपवर सगळा भरवसा टाकायचा नाही. दुसरी जास्त मोलाची. गुगल रीडर बंद पडलं तेव्हा लोकांची यादी बुडाली नाही. आपण कोणकोणती फीड्स वाचतो याची छोटी फाइल डाउनलोड करता येत होती. ओपीएमएल म्हणतात तिला. ती फाइल फीडलीसारख्या दुसऱ्या रीडरमध्ये टाकली की काही मिनिटांत सगळा संसार नव्या घरी. इन्स्टावरचं तुमचं फॉलोइंग असं उचलून दुसऱ्या ॲपमध्ये नेता येतं का? करून बघा, मग फरक कळेल.

आज काय काय जमतं?

बरंच काही. आरएसएस मेलं मेलं म्हणतात, पण तुमच्या कानात रोज वाजतंय ते. पॉडकास्ट मुळात चालतात आरएसएसवरच. म्हणून तर एकच मराठी पॉडकास्ट तुम्हाला वेगवेगळ्या ॲप्समध्ये सापडतं.

यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलचं फीड आजही आहे. चॅनलची लिंक रीडरमध्ये टाकली की बहुतेक रीडर ते स्वतःच शोधून काढतात. मग ज्या सरांची लेक्चर्स हवीत त्यांचीच येतात, बाजूला ‘तुम्हाला हेही आवडेल’ची जत्रा नाही. रेडिटवरच्या एखाद्या गटाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट आरएसएस’ जोडलं की फीड तयार. मॅस्टोडॉनवरही तसंच. ब्लूस्कायवरच्या खात्यांनाही फीड आहे. वर्डप्रेसवर चालणाऱ्या कुठल्याही साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहा, बहुधा ते उघडेल. अनेक ब्लॉग, दिवाळी अंकांच्या साइट्स, छोटी वृत्तसंकेतस्थळं वर्डप्रेसवरच असतात. सबस्टॅकवरच्या लेखकांचंही फीड मिळतं.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी खास. केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, रिझर्व्ह बँक आणि सेबी यांची फीड्स आहेत. म्हणजे ‘आजच्या चालू घडामोडी’ असं कुणी पीडीएफ बनवून टेलिग्रामवर टाकायची वाट बघायची गरज नाही, मूळ प्रसिद्धिपत्रकच तुमच्याकडे येतं. गुगल अलर्ट्समध्ये एखादा शब्द टाकला तर त्याच्या बातम्या ईमेलऐवजी आरएसएसनं मागवता येतात. मराठी शब्दही चालतात. ज्या साइटला फीडच नाही, तिथलं एखादं पान बदललं की कळवणारी साधनं मिळतात. रीडरच्या पैसे भरून घ्यायच्या योजनांतही ही सोय असते.

आता न जमणाऱ्या गोष्टी. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲप, ही तिन्ही दारं बंद आहेत. मित्रमैत्रिणींच्या खासगी पोस्ट रीडरमध्ये येणार नाहीत, आणि येऊही नयेत. ‘तुमचं इन्स्टाचं लॉगइन द्या, आम्ही सगळं एकत्र करून देतो’ म्हणणारं ॲप दिसलं तर लांबूनच नमस्कार करा. पासवर्ड दिला म्हणजे घराची किल्ली दिली. इन्स्टासाठी त्यातल्या त्यात उपाय म्हणजे ‘फेव्हरिट्स’मध्ये जवळची माणसं टाकून तेवढंच बघणं. एक्सवर वीस-पंचवीस कामाच्या खात्यांची एक ‘लिस्ट’ बनवली तर मुख्य फीडच्या गोंधळात शिरावं लागत नाही.

रीडर कुठला घ्यायचा? फीडली आणि इनोरीडर ब्राउझरवर आणि मोबाइलवर दोन्हीकडे चालतात आणि त्यांची फुकट योजना सुरुवातीला पुरते. न्यूजब्लरमध्ये आपण काय आवडलं, काय नाही ते शिकवत जायचं. अँड्रॉइडवर ‘फीडर’ नावाचं मुक्त स्रोत ॲप आहे, त्याला खातंही काढावं लागत नाही. आयफोनवाल्यांसाठी रीडर आणि टॅपेस्ट्री ही नव्या पिढीची ॲप्स आहेत. त्यात ब्लॉग, यूट्यूब, मॅस्टोडॉन, ब्लूस्काय असं सगळं एकाच ओळीत येतं. म्हणजे फ्रेंडफीडचंच स्वप्न, पण या खेपेला सगळं दुसऱ्या कंपनीच्या परवानगीवर अवलंबून नाही.

गोळा केलं, आता पाखडा

इथपर्यंत आलं की बहुतेकांची एक फजिती होते. उत्साहात साठ फीड्स जोडतात आणि दुसऱ्या दिवशी रीडर दाखवतं, न वाचलेल्या ९००. घ्या! इन्स्टा परवडलं.

नुसतं एका पोत्यात भरणं म्हणजे निम्मंच काम. आजी तांदूळ निवडायची ना, तसं निवडावं लागतं. त्यासाठी रीडरमध्ये फिल्टर असतात. काहींमध्ये ते फुकट मिळतात, काहींमध्ये पैसे भरावे लागतात.

फिल्टर दोन जातींचे. पहिला म्हणतो, ‘हे शब्द असतील तरच आत सोड.’ दुसरा म्हणतो, ‘हे शब्द असतील तर हाकलून दे.’ कुठे कुठला लावायचा याचा सोपा नियम आहे. जो सोर्स दिवसभर बडबडतो, उदाहरणार्थ बातम्यांची साइट, त्याला पहिला. शंभर बातम्यांतून तुमच्या कामाच्या चार येतील. जो सोर्स मोजकं बोलतो, महिन्यातून एखादा लेख लिहितो, त्याला कुठलाच फिल्टर नको. तो जे लिहील ते वाचायचं, म्हणून तर त्याला जोडलाय. दुसरा फिल्टर ठेवा डोकेदुखीसाठी. मॅच रेकॉर्ड करून ठेवलीय, स्कोअर आधी कळायला नको? वेब सिरीजचा शेवट कुणी फोडायला नको? लावा आठवडाभर.

आता खरी मजा. हे फिल्टर बनवलेत इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून. मराठी त्यांना चकवते.

बहुतेक साधे फिल्टर अक्षरांची माळ जुळते का एवढंच बघतात. तुम्ही ‘पाऊस’ असा शब्द दिला. बातमी आली, ‘पावसाचा जोर वाढणार’. फिल्टर म्हणतो, यात ‘पाऊस’ कुठाय? बातमी गेली. बरं, मग ‘पावस’ असं लिहिलं तर? पावसाचा, पावसाने, पावसाळा सगळं सापडतं, पण रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या बातम्याही येतात. आणखी हुशारी करून नुसतं ‘पाव’ लिहिलं तर पावभाजी!

म्हणून मराठीत एक युक्ती. शब्दाचं शेपूट कापायचं. ‘परीक्षा’ लिहिलं तर ‘परीक्षेची तारीख’ सापडत नाही, ‘परीक्ष’ लिहिलं तर दोन्ही सापडतात. तसंच ‘स्पर्धा’ऐवजी ‘स्पर्ध’, ‘एकांकिका’ऐवजी ‘एकांकिक’. ‘शिष्यवृत्ती’ऐवजी ‘शिष्यवृत्त’ लिहा, म्हणजे ‘शिष्यवृत्त्या’ही सुटणार नाहीत. शिवाय शुद्धलेखनाचे घोटाळे धरा. अर्धं जग ‘परिक्षा’ असं पहिली वेलांटी देऊन लिहितं, ते रूपही यादीत टाका. परीक्षेचं नाव रोमन लिपीतल्या आद्याक्षरांत आणि देवनागरीत, दोन्हीही टाका.

दुसरी भानगड एकाच शब्दाच्या अनेक अर्थांची. ‘भरती’ म्हणजे पोलीस भरती, पण समुद्राला येते तीही भरती आणि रुग्णाला दवाखान्यात करतात तीही भरती. ‘निकाल’ परीक्षेचा असतो, कोर्टाचा असतो, निवडणुकीचाही असतो. अशा वेळी एका शब्दावर भागत नाही, ‘भरती’ आणि ‘अर्ज’ दोन्ही असतील तरच, असा जोड फिल्टर लावायचा.

तिसरी भानगड डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ‘ऱ’ संगणकात एकापेक्षा जास्त पद्धतींनी टाइप होतो. दिसायला जवळपास सारखाच, पण आतले संकेत वेगळे. त्यामुळे तुमचा ‘ऱ’ आणि बातमीदाराचा ‘ऱ’ जुळतीलच असं नाही. यावरही शेपूट कापणं हाच उपाय. ‘शेतक’ एवढंच लिहा, शेतकरीही येतील आणि शेतकीही.

चाळणीला एक भोक मोठं ठेवा

हे सगळं वाचून वाटेल, चला, आता आपल्याला नको ते काहीच दिसणार नाही. थांबा. धोका तिथेच आहे.

अल्गोरिदम आपल्याला आवडेल तेच दाखवत राहतो आणि आपण एका फुग्यात बंद होतो, असं एली पॅरिसर यांनी २०११मध्ये मांडलं. ‘फिल्टर बबल’ हा शब्द त्यांचाच. पण स्वतःच्या हातानं फिल्टर लावले म्हणून फुगा होत नाही असं थोडंच आहे? उलट जास्त घट्ट होऊ शकतो. अल्गोरिदम निदान चुकून कधीतरी वेगळं काही दाखवतो. तुम्ही स्वतः न पटणाऱ्या माणसांना वगळलंत, तर त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत येणारच नाही. आणि मग निवडणुकीच्या निकालादिवशी प्रश्न पडतो, ‘ही सगळी माणसं होती तरी कुठे?’

म्हणून एक फोल्डर मुद्दाम उघडं सोडायचं. ज्याची मतं पटत नाहीत पण जो नीट मुद्द्यानं लिहितो असा एखादा. आपल्या शाखेचा नसलेला एखादा विषय. आपण पुण्यात असू तर गडचिरोलीची बातमी देणारं एखादं छोटं संकेतस्थळ, आपण मुंबईत असू तर मराठवाड्याचं. याला फिल्टर लावायचा नाही.

आणखी एक. महत्त्वाच्या तारखेसाठी रीडरवर डोळे झाकून विसंबू नका. फीड बंद पडतं, साइटचा पत्ता बदलतो, फिल्टर चुकतो. आठवड्यातून एकदा मूळ साइट स्वतः उघडून बघायचीच.

रविवारी एक तास काढा

• कागदावर लिहा, गेल्या महिन्यात ऑनलाइन काय चुकलं की वाईट वाटलं? जाहिरात, कुणाचा लेख, एखादा व्हिडिओ, जे असेल ते. यादी तिथून सुरू करा.

• पंधरा सोर्सच जोडा. सोळावा जोडायचा तर आधीचा एक काढा, निदान पहिला महिनाभर.

• तीन फोल्डर्स करा. ‘रोज’, ‘रविवारी’ आणि ‘जमलं तर’. ‘रोज’मध्ये पाचपेक्षा जास्त नकोत.

• फिल्टर पहिल्या दिवशी लावू नका. आठवडाभर बघा कोण जास्त बडबडतंय, मग लावा.

• दोन आठवडे न वाचलेलं राहिलं तर ‘सगळं वाचलं’ असं बटण असतं, ते दाबून मोकळे व्हा. शिळं वाचायचं कर्ज डोक्यावर घेऊ नका.

• रीडरची नोटिफिकेशन्स बंद. तो आपल्याला बोलावणार नाही, आपण त्याच्याकडे जायचं.

• दर दोन-तीन महिन्यांनी ओपीएमएल फाइल डाउनलोड करून ठेवा. ॲप उद्या बंद पडलं तरी तुमची यादी तुमच्याजवळ.

पहिले काही दिवस हे फार अळणी वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. रंग नाहीत, गाणं नाही, कुणी नाचत नाही. हात आपोआप इन्स्टाकडे जाईल. जाऊ दे. इन्स्टा काढून टाका असं कुणी म्हणत नाहीये. टाइमपास करायला जा जरूर, पण कामाचं शोधायला तिथे जाऊ नका.

आणि मग एका सकाळी चहा पिता पिता एक विचित्र गोष्ट होईल, जी इन्स्टावर सहसा होत नाही. तुम्ही खाली सरकवत जाल आणि स्क्रीनवर दिसेल, नवीन काही नाही. वाचून संपलेलं असेल.